पेरूच्या रोपांचा खोटा दाखला

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी माझीच लाज वाटते.

परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. पिंगळीकडच्या एक शेतकरी बाई पोत्यात पेरूचं उपटलेलं झाड घेऊन आल्या. ठाणे अंमलदाराने त्यांना कृषी कार्यालयात जायला सांगितलं. बाई जागच्या हलल्या नाहीत, म्हणून मी त्यांना आत बोलावलं.

झाडाच्या मुळांवर हरभऱ्याएवढ्या गाठी होत्या. बाईंनी एक झेरॉक्स टेबलावर ठेवली.

"झाडाचं मी बघते साहेब. ह्यो कागद खरा हाय का खोटा, तेवढं तुमी सांगा."

मानवत रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेच्या मालकाने तो कागद दाखवून परदेशी पेरूची रोपं गावोगाव विकली होती. परदेशातून रोप आणायचं तर तिथल्या सरकारचा निरोगीपणाचा दाखला लागतो, इथे उतरल्यावर आपले अधिकारी ते तपासतात आणि पुढे काही महिने वेगळं ठेवून त्यावर नजर ठेवतात. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. तरी बनावट दस्तऐवजाचा संशय होता, म्हणून फिर्याद नोंदवली आणि दाखल्याची प्रत परदेशी रोपं तपासणाऱ्या मुंबईच्या केंद्राकडे पाठवली.

उत्तर येईपर्यंत आम्ही रोपं घेतलेल्या बाकीच्या शेतकऱ्यांकडे फिरलो. प्रत्येक शेतात झाड उपटायचं, पंचनामा करायचा, जबाब घ्यायचा आणि पुढच्या गावाला निघायचं. सगळीकडे त्याच गाठी. रोपवाटिकेच्या मालकाच्या स्वतःच्या बागेचाही पंचनामा झाला. कृषी विद्यापीठातल्या एका शास्त्रज्ञांनी नमुने पाहिले. हा डोळ्यांना न दिसणारा कृमी आहे, औषधाने कमी होतो, पण एकदा जमिनीत शिरला की पुरता जात नाही, असं त्यांनी सांगितलं.

केंद्राचं पत्र आलं. दाखल्यावरचा क्रमांक खरा होता, पण तो शोभेच्या कंदांच्या मालाचा. पेरूची नोंदच नव्हती.

मालकाला चौकशीला बोलावलं. माणूस अदबीने बोलणारा, चार लोकांत मान असलेला. खोटं बोलणारा बहुधा प्रश्नाआधीच उत्तर तयार ठेवतो, हे मी नोकरीत पाहिलं होतं. मुंबईच्या दलालाने आपल्यालाच फसवलं, हे तो दोन दिवस त्याच शब्दांत सांगत राहिला. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या स्वतःच्या बागेचा पंचनामा पुन्हा वाचला आणि एकच प्रश्न विचारला.

"एवढं चांगलं वाण, तर तुमच्या बागेत त्याचं एकही झाड का नाही?"

त्याने पाणी मागितलं. ग्लास संपला तरी तो हातातच धरून बसला.

"पहिल्याच वर्षी गाठी दिसल्या व्हत्या साहेब," तो म्हणाला. "माझ्या जमिनीत कशाला घालू?"

मग सगळं बाहेर आलं. मुळांसकट रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून परदेशातून आलेल्या एका नातेवाइकाच्या सामानातून आणली होती. ती इथे वाढवली आणि दुसऱ्याच्या दाखल्याच्या झेरॉक्सवर कंदांच्या जागी पेरूचं नाव घातलं. दोषारोपपत्र गेलं, यथावकाश शिक्षाही झाली. ठाण्यात माझं कौतुक झालं.

निवृत्तीनंतर एकदा पिंगळीकडे गेलो, तेव्हा बाईंच्या शेतावर वळलो. सगळे पेरू त्यांनी मुळांसकट खणून जाळले होते. भाड्याचा ट्रॅक्टर शेतातून निघाला की त्याची चाकं त्या स्वतः धुऊन घेत. आपल्या जमिनीत काय आहे, हे त्यांनी शेजारच्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं होतं. लोक त्यांच्या बांधावर यायचे बंद झाले, तरी त्या सांगत राहिल्या.

थोडं बोलून मी निघालो, तर त्यांनी मला बांधावरच थांबवलं आणि पाण्याची बादली पुढे केली.

"बूट धुवा साहेब. माती दुसऱ्याच्या शेतात जाती."

मी खाली बसून बूट धुतले. तपासाच्या दिवसांत याच पायांनी मी किती शेतं तुडवली होती, ते मोजायला लागलो. खोटा कागद मी पकडला होता. पण एका शेतातली माती दुसऱ्या शेतात नेताना मला कोणी अडवलं नव्हतं, आणि मी कोणाला विचारलंही नव्हतं.