जर्मन वेशीला तोरण

रंग वाळेपर्यंत पेंटरला दुसरं काम नसतं. मग बोलणं होतं, आणि अमरावतीतल्या आमच्या दुकानात किस्से साचत जातात. बरेचसे माझे भागीदार सुधाकरभाऊ यांचे.

भाऊंच्या हाताला एक खोड आहे. चित्रात दार काढलं की हात आपोआप वर जातो आणि आंब्याच्या पानांचं तोरण काढूनच खाली येतो. बार्शीटाकळीच्या एका मंगल कार्यालयात त्यांनी बाथरूमच्या बोर्डावरच्या दारालाही तोरण काढलं. मालक भडकला, "कावून भाऊ, इथं कोनाचं लगन हाय?"

भाऊ म्हणाले, "दार हाय ना."

*

मागच्या हिवाळ्यात एका जर्मन गावाची मंडळी इथं नर्स निवडायला येणार होती. स्टेजवर त्यांच्या गावाचं मानचिन्ह हवं, अशी इथल्या नर्सिंग संस्थेची ऑर्डर आली. मोबाइलवर फोटो आला: लाल ढाल, तिच्यात दगडी वेस.

मी म्हटलं, "सोपं आहे." भाऊ मात्र घाम पुसत होते, कारण उमेदवारांत त्यांची मुलगी प्रणाली होती. आधीच्या खेपेला तिची निवड थोडक्यात हुकली होती. तेव्हापासून पोरगी ड्यूटी संपवून रोज जर्मन शिकत होती. भाऊंनी मला ब्रशला हात लावू दिला नाही.

*

सकाळी बोर्ड लावला. प्रणालीनं वर पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"बाबा, हे काय करून ठेवलं तुमी?"

वेशीवर हिरवंगार तोरण. मला ते खटकलंही नव्हतं, इतके माझे डोळे सरावलेत.

तिनं सांगितलं, ते गाव एकदा पूर्ण जळालं होतं. उभी राहिली ती फक्त वेस. म्हणून मानचिन्हात ती उघडीबोडकीच काढतात. तिच्यावर फूल नाही, झेंडा नाही. गेलेल्यांची आठवण.

"म्हंजे सुतकातल्या घराले तोरण बांधलं मी," म्हणत भाऊ खालीच बसले.

*

रंग ओला होता. पुसायला गेलो असतो तर सगळी वेस फिसकटली असती. संस्थेचे सर ओरडले, "पडदा टाका." पडदा सापडेपर्यंत गाड्या आल्याच.

त्या जर्मन गावच्या महापौरबाई थेट बोर्डापाशी गेल्या. चष्मा काढून उभ्या राहिल्या. भाऊंनी माझं मनगट असं आवळलं होतं की हात बधिर झाला. बाई चष्मा लावून मुलाखतीच्या खोलीत गेल्या.

*

पहिलं नाव प्रणालीचं पुकारलं. आतलं तिनंच नंतर दुकानात सांगितलं.

बाईंनी विचारलं, "आमच्या वेशीवर ते हिरवं काय आहे?"

"तोरण. माझ्या बाबांनी काढलंय. आमच्याकडे घरात नवं माणूस येणार असलं की दाराला बांधतात."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे कोण येणार आहे?"

प्रणाली म्हणाली, "मी."