देवणीच्या वाटेवर मी विचारलेला प्रश्न

छोट्या गावांत घडणाऱ्या सौम्य गुन्हेगारी मालिकांचं मला व्यसन आहे. रक्त नाही, आरडाओरडा नाही; एक खून, सगळी ओळखीची माणसं आणि शेवटी चहा. तसलंच गाव बघायला म्हणून मी भर दुष्काळात, मे महिन्यात पुण्याहून नांदेडची गाडी पकडली. आईने कपाळाला हात लावला.

नांदेडहून उदगीरला एसटीने अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. लॉजवर दिवसाला एकच बादली पाणी मिळतं, हे आधी विचारून ठेवा. समोरच्या हॉटेलात चुरमुऱ्यांचा सुशीला झकास. तिथे दोन म्हातारे भांडत होते.

"उदगीर जिल्हा झाला की पाणी येतंय बघ."

"लातूर कवाच झाला की जिल्हा. तिथं रेल्वेनं पाणी आणायलेत."

मी खूश. अगदी मालिकाच.

दुसऱ्या दिवशी देवणी गावात तिथली नावाजलेली देवणी गाय बघायला मन्मथमामांची रिक्षा ठरवली, जाऊन-येऊन सहाशे. इंजिन तापलं म्हणून मामा वाटेत थांबले. शेजारच्या शेतात चार माणसं न बोलता खड्डा खणत होती. चौकोनी खड्डा, आत एका बाजूला कोनाडा, काठावर मिठाची पोती. माझ्यातला फौजदार जागा झाला. जवळ जाऊन मी हसत विचारलं, "काय हो, कोणाला गाडताय?"

कुदळवाल्याने वर बघितलं. "आईला," तो म्हणाला.

मामा धावत आले, हात जोडून त्याला म्हणाले, "पुण्याच्या हायत. त्यांना ठाव न्हाई." मग मला हळूच, "आमच्या लिंगायतांत जाळत न्हाईत, ताई. बसवून माती देतेत, आपल्याच शेतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कशीबशी माफी मागितली. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने कळशीतलं पाणी तांब्यात ओतून पुढे केलं. "लई ऊन हाय. घ्या."

मी प्यायले. नाही म्हणायलाही तोंड उरलं नव्हतं.

गाय न बघताच फिरले आणि लातूरहून रेल्वेने घरी आले. प्रवास कसा झाला, हे आठवडाभर कोणालाच सांगितलं नाही. मग एका दुपारी सवयीने मालिका लावली. तळ्याकाठी एक म्हातारी मेलेली सापडली, फौजदाराने कोटी केली आणि मला हसू आलं. त्या हसण्याचीच लाज वाटली. या मालिकांत मेलेलं माणूस कोणाचंच नसतं, म्हणून तर त्या इतक्या गोड लागतात. मी टीव्ही बंद केला.

"बंद का केलीस गं?" स्वयंपाकघरातून आईने विचारलं. "कोण मेलं आज?"

"कोणाची तरी आई," मी म्हणाले.