पेपरात न आलेली पाळ

छापून आल्याशिवाय कशावरच विश्वास न ठेवणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. मी केशोरीला शाळामास्तर म्हणून लागलो तेव्हा त्यांच्याच घरी राहत असे. गोंदियाहून मोटारीने येणारा पेपर दोन दिवसांचा शिळा असे, पण आतोबांच्या लेखी जग तेव्हाच जागे होई. लिंबाखाली बसून ते पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत सगळे खणखणीत वाचत. कोणी पेंगला, की पुन्हा पहिल्यापासून. धान पिकवणाऱ्या बापड्या गावाला मुंबईतले कापसाचे भाव तोंडपाठ झाले होते.

एका वर्षी पोळ्यानंतर तलावाची मातीची पाळ फुटली. आतोबा अंगणात गुडघाभर पाण्यात उभे राहून म्हणाले, "पेपरात तर काही नाही आलं!"

आत्या ओरडली, "कोंबड्या वाहून जाऊन राहिल्या, अन् तुमी पेपर कायले पाहता?"

उरलासुरला पाऊस अडवला नाही, तर निसवायच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या वेळी धानाला पाणी मिळणार नव्हते. पण लोक खचून घरात बसले. आतोबा रोज पेपर उलटासुलटा करून आमच्या पाळीची बातमी शोधत. साऱ्या दुनियेचे पूर त्यात होते, आमचा तेवढा नव्हता.

आठव्या दिवशी लिंबाखाली ऐकायला आलेल्या चौघांपुढे त्यांनी घसा खाकरला आणि वाचले, "केशोरीचे लोक हातावर हात धरून बसल्याने शेजारच्या गावचे लोक परवा येऊन त्यांची पाळ बांधून देणार."

पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या घरांचे हे गाव! एक म्हातारा ताडकन उठला. "आमची पाळ ते बांधतीन? काऊन, आमी मेलो का?"

दुपारपर्यंत फावडी, टोपल्या, बैलगाड्या आणि वर्षभर न बोलणारे दोन भाऊसुद्धा पाळीवर हजर. सहा दिवसांत भगदाड बुजले, आणि परतीच्या पावसात तलाव भरला. मी हळूच तो पेपर पाहिला. त्या बातमीच्या जागी दंतमंजनाची जाहिरात होती.

धान निसवले तेव्हा लोकांनी आतोबांना आग्रहाने वाचायला बसवले. दोन ओळी वाचून त्यांनी पेपर माझ्या हातात दिला.

"तूच वाच बापू. खोटं कसं वाचतेत ते मले समजलं. आता खरं बी खरं नाही वाटत."

मी वाचत गेलो. ते तलावाकडे पाहत बसले. गावाचे धान वाचले, पण आतोबांचा पेपर गेला, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.