वाफ्याचा पाइप

“तिले आधी हवा खाऊ द्या, सिस्टरबाई. मंग पळन.” जीप सुरू करायची, जागेवरच घुरघुरत ठेवायची आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात पसरून एवढं बोलायचं, ही आमच्या जीपवाल्या दादांची रीत. रस्त्यावर डोळे आणि इंजिनावर कान ठेवून जगणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

सोनाळ्याच्या आरोग्य केंद्रात मी परिचारिका होते. बीटी कपाशी नवी होती. बोंडअळी जाईल म्हणून बियाणं आलं, पण बाकीच्या किडींसाठी फवारे चालूच राहिले. माथ्याएवढ्या झाडांमधून फवारणारा माणूस स्वतःच्याच धुक्यात चालत असे. त्या धुक्याचा उग्र, गोडसर वास ऑक्टोबरच्या उन्हात आमच्या पडद्यांनाही चिकटलेला असे. विषबाधा झालेल्याला खामगावला न्यायचं, तर गावात त्यांची जुनी डिझेल जीप तेवढी होती. त्यांचं घरही तिच्यावरच चाले.

चढावर ती धापा टाकी. आपल्याच तापल्या पोटाजवळची हवा ओढते म्हणून दमते, असं त्यांचं निदान. एके दिवशी त्यांनी हवेची जुनी नळी काढली, रुंद रबरी पाइप बॉनेटमधून काढून काचेशेजारून वर नेला आणि त्याच्या टोकावर एअर फिल्टरचा डबा बसवला. वरची गार हवा थेट इंजिनात.

“सोंड आली जीपले,” त्यांची बायको म्हणाली. “आता कान बी लावून टाका.”

“हास तू. चढावर पाहजो.”

पण चढावर पाहायची वेळ आली तेव्हा मागच्या बाकावर एक माणूस मरणाशी झुंजत होता. फवारता फवारता तो सरीत कोसळला होता. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठांवर फेस, छातीत ओला घरघराट. इंजेक्शन देऊन डॉक्टरांनी पुढे पाठवलं. मी त्याला कुशीवर धरून बसले. त्याचा भाऊ पुढे बसला.

पूर्णेच्या पुलापर्यंत जीप सुरेख पळाली. पलीकडच्या चढावर त्यांनी पाय दाबला आणि ती गुदमरली. काळा धूर. पाय सोडला की बरी, दाबला की पुन्हा बसे.

“तुह्या सोंडेपायी माणूस जाईन बे,” भाऊ म्हणाला.

ते खाली उतरले. “रेस दाब.” भावाने दाबली. काचेतून मलाही दिसलं: पाइप आतल्या आत ओढला जात होता, दोन ओठ मिटावेत तसा मिटत होता.

“मी वाफ्यात पाणी सोडाचा पाइप लावला हो,” ते हलकेच म्हणाले. “पाणी ढकलाचं असते तवा मऊ चालते, फुगते. ओढाचं असलं त इहिरीतून पाणी ओढणाऱ्या पाइपासारखा कडक पाह्यजे. अर्धी जिंदगी वावरात पाणी देल्लं अन् हेच इसरलो.”

त्यांनी पाइप उपटला. फिल्टरचा डबाही त्याच्याबरोबर हातात आला.

“आता धूळ सरळ आत जाईल ना?” मी विचारलं.

“जाईन.” ते जीपकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. “याले वेळ हाय काय, सिस्टरबाई?”

माझ्या हाताखालची छाती थांबत थांबत हलत होती. “नाही, दादा.”

डबा त्यांनी भावाच्या पायाशी टाकला. “धर.”

पुढे कापसाचे ट्रक धूळ उडवत चालले होते. मागे राहिलं असतं तर धूळ खाली बसली असती. ते राहिले नाहीत. त्या करड्या पडद्यात शिरताना उघडं इंजिन शीळ घालू लागलं. मी एका श्वासाला कान लावून होते, ते दुसऱ्याला.

दवाखान्याच्या दारात माणूस आत गेला आणि जीप बंद पडली. पुन्हा सुरू झालीच नाही. “दळली गेली आतून,” ते म्हणाले. दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले. तो वाचणार होता. ते ऐकून त्यांनी नळाखाली हात धुतले, बराच वेळ.

जीप पुढे भंगारात गेली. तेही सुरतेकडे गेले, कुठल्याशा कापड गिरणीत. तिथून कधी परतले नाहीत.

मला आठवते ती त्या संध्याकाळची परतीची एसटी. ते खिडकीशी बसले होते, हात मांडीवर, नजर बाहेरच्या काळोखात. प्रत्येक चढाला त्यांचा उजवा पाय बसच्या पत्र्यावर हळूहळू दाबला जात होता.