खांद्यावरून बारा इंच

आमचे हे टेलर. चाळीस वर्षं मशीनवर बसलेत, गळ्यातला टेप जेवतानाही उतरत नाही. गिऱ्हाइकाला "मंगळवारी नक्की" म्हणतात, कोणता मंगळवार ते कधीच सांगत नाहीत. पण दुसऱ्याने सांगितलेलं माप यांना जन्मात पटायचं नाही.

यांची थोरली बहीण साता समुद्रापार मुलाकडे असते. यांच्या हातात पहिली सुई ताईंनीच दिली. शुक्रवारी सकाळी दहाला त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. फोनवर एवढंच म्हणाल्या, "आत नेण्याआधी एकदा तोंड दाखव रे." आमच्या लेकीने लगेच बुधवारचं विमान शोधलं. बारा हजार किलोमीटर, चौदा तास, गुरुवारी तिथे. तिकीट काढायचं तेवढं राहिलं होतं.

पण नाही! विमान कुठून जातं ते यांना आधी बघायचं. लेकीने मोबाइलवर रेघ दाखवली. ती पार वर, बर्फाच्या मुलखातून वळून गेलेली. यांनी तिचा शाळेतला नकाशा काढला, टेप लावला आणि निकाल दिला, "हे लोक फिरवून नेतायत. सरळ जाणारं विमान शोध."

तीन दिवस हाच घोळ. मी सांगून थकले, लेक रडकुंडीला आली, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मंगळवारी ती तणतणत दुकानात गेली आणि कपडे चढवायच्या पुतळ्याला दोन टाचण्या टोचल्या. एक छातीवर, एक पाठीवर, एकाच उंचीला.

"मोजा. आडवं, बगलेखालून."

"सोळा."

"आता खांद्यावरून."

यांनी टेप वर घेतला. बारा. पुन्हा मोजलं. बाराच.

"नकाशा म्हणजे उसवून टेबलावर पसरलेला सदरा, बाबा. विमान अंगात घातलेल्या सदऱ्यावरून जातं."

जन्मभर लोकांच्या खांद्यांवरून टेप फिरवला, आणि हे यांना लेकीने शिकवावं! मला हसूसुद्धा येईना, इतका संताप झाला होता.

"काढ तिकीट," हे म्हणाले.

बुधवारचं विमान भरलेलं. गुरुवारचं मिळालं, पण त्याने ताईंच्या दवाखान्यात पोचेपर्यंत शुक्रवारचे साडेअकरा वाजणार.

यांनी ताईंना फोन लावला. आता काहीतरी थाप मारणार, म्हणून मी कमरेवर हात ठेवून उभीच राहिले.

"ताई, दहाला नाही पोचत मी. माझ्याच हट्टापायी. दीड तास उशीर होतोय."

पलीकडून ताईंचा आवाज आला, "टेलरचा दीड तास की घड्याळाचा?"

"घड्याळाचा गं."

"बरं. मग मी जागी व्हायला उशीर लावते. तू ये."

यांनी फोन ठेवला आणि गळ्यातला टेप काढून माझ्या हातात दिला. मला अजून बरंच बोलायचं होतं. मी बॅग भरायला घेतली.