गिऱ्हाइकाला उठवायचं कसं

क्रूझचं जहाज धक्क्याला लागलं की मित्सुएच्या खानावळीत दुपारी पाय ठेवायला जागा नसते. आज तीनपर्यंत सगळे उठून गेले, एक सोडून. पांढऱ्या केसांचा, धिप्पाड परदेशी म्हातारा. उदोनचा, म्हणजे जाड शेवयांच्या रश्श्याचा, वाडगा चाटूनपुसून संपवला, आतल्या चटयांच्या खोलीत भिंतीला टेकला आणि हळूहळू आडवाच झाला. मित्सुएने त्याच्या अंगावर पातळ पांघरूण घातलं आणि ती भांडी घासायला गेली.

साडेतीनला तिला धक्क्यावरची पाटी आठवली. साडेचारपर्यंत सगळ्यांनी जहाजावर परतायचं, पाचला जहाज सुटणार. हात तसेच साबणात राहिले.

तुम्ही म्हणाल, मग उठवायचं की, त्यात काय एवढं? अहो, सासूच्या हाताखाली तयार होऊन एकतीस वर्षं खानावळ चालवलेल्या बाईला विचारा. गिऱ्हाइकाच्या अंगाला हात लावायचा नाही, त्याची झोप मोडायची नाही, हे तिच्या हाडीमांसी भिनलेलं. ती खोकली. झाकण पाडलं. रेडिओ मोठा केला, दार सरकवून तीनदा आपटलं. म्हातारा ढिम्म.

तेवढ्यात शेजारची तोमिको तोफू द्यायला आली. सत्तरीची, जिभेला हाड नसलेली बाई. दारातूनच तिने आत पाहिलं.

"हे कोण गं?"

"हळू बोला, जागा होईल तो."

"मग व्हायला नको का? जहाजावरचा आहे ना? लाव हात आणि हलव."

"गिऱ्हाईक आहे, तोमिकोसान. कसं दिसेल ते?"

"जहाज गेलं की घरजावई होईल तुझा, ते कसं दिसेल?"

मित्सुएला हसू आलं नाही. चार वाजून गेले होते. ती खोलीच्या उंबऱ्याशी बसून पांघरुणाकडे बघत होती. ते वरखाली होतंय की नाही, काही केल्या कळेना.

नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा कात्सुमी याच खोलीत जेवून आडवा झाला होता. पहाटेपासून बोटीवर राबून आलेला माणूस, झोपू दे बिचाऱ्याला, म्हणून तिने रेडिओ बंद केला होता. मोठ्याने बोलणाऱ्या गिऱ्हाइकांना खुणेने गप्प केलं होतं. दिवेलागणीला आत गेली तर तो गार पडलेला. डॉक्टर म्हणाले, दोन तास तरी झाले असतील. लवकर कळलं असतं तर, एवढं बोलून ते थांबले. पुढचं मित्सुए स्वतःच स्वतःला ऐकवत आली होती, रोज.

"मित्सुए, अगं ऊठ तरी," तोमिको म्हणाली. तिचाही आवाज आता उतरला होता.

मित्सुए गुडघ्यांवर सरकत आत गेली. दोन्ही हातांनी तिने म्हाताऱ्याचा खांदा धरला आणि गदागदा हलवला. "उठा. उठा हो. ऐकताय का?"

एक क्षण काहीच झालं नाही. मग म्हातारा कण्हला, डोळे उघडले, तिच्याकडे बघून हसला. भिंतीवरचं घड्याळ दिसताच मात्र त्याचं हसू पळालं. चार वीस. बुटांच्या नाड्याही न बांधता तो बाहेर धावला. तोमिकोने तोफूचे ट्रे मागे लोटले, एवढ्या मोठ्या माणसाला आपल्या चिमुकल्या गाडीत कोंबलं आणि गाडी उताराला सोडली.

मित्सुए दारात उभी राहिली. मेजं पुसायची तशीच राहिली. पाच वाजता भोंगा झाला, आणि मग कुठे गाडी चढ चढून परत आली.

"चढला गं बाई. शेवटचा तोच, सगळे त्याच्यासाठीच खोळंबले होते," तोमिको म्हणाली आणि थबकली. "आता रडायला काय झालं? चढला म्हणते ना."

"उठला हो तो," मित्सुए म्हणाली. "नुसतं हलवलं, तर उठला."