मुलीला विचारलंत का?

"अजून काही?" एवढंच विचारून ताई पेन खाली ठेवायच्या आणि हात मांडीवर घेऊन बसायच्या. समोरचा नाही म्हणाला तरी उठायच्या नाहीत. भल्याभल्यांना त्या शांततेत काहीतरी आठवायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला तर सुरुवातीला त्यांची धास्तीच वाटायची.

ताई मूळच्या नागपूरच्या. अमेरिकेत ॲन आर्बरमध्ये वकिली करायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली नवखा होतो. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमच्याकडे एक गुप्त काम आलं. राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराला आपला रनिंग मेट, म्हणजे उपाध्यक्षपदासाठीचा जोडीदार, निवडायचा होता. ज्यांची नावं चर्चेत होती त्यांचं सगळं आयुष्य आधी आम्ही उपसायचं, म्हणजे पुढे विरोधकांच्या हाती नवं काही लागायला नको. जुने खटले, भाषणं, घटस्फोट, काही सोडायचं नाही. डबा उघडला की मात्र ताई त्या विषयावर अवाक्षर काढू द्यायच्या नाहीत. "कुणाची अब्रू तोंडी लावायला घ्यायची नाही," म्हणायच्या.

यादीत एक गव्हर्नर सगळ्यांच्या पुढे होते. माणूस सरळ, लोकांत मिसळणारा. मी तर अहवालात 'अडचण नाही' असं लिहूनही टाकलं होतं.

शेवटच्या भेटीत ताईंनी त्यांना "अजून काही?" विचारलं आणि नेहमीसारख्या बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने गव्हर्नर म्हणाले, माझी मुलगी कॉलेजात असताना जीव द्यायला निघाली होती. वाचली. आता ती शाळेत शिकवते. घराबाहेर हे कुणालाच माहीत नाही.

ताई हे टिपून घेतील असं मला वाटलं. त्यांनी पेन उचललंच नाही.

"तुमचं नाव जाहीर झालं की हे पेपरात येणार," त्या म्हणाल्या. "मुलीला विचारलंत का?"

त्यांनी विचारलं नव्हतं.

चार दिवसांनी गव्हर्नरांनी आपलं नाव मागे घेतलं. प्रचाराच्या वरिष्ठांचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. माहिती काढायला सांगितली होती, सल्ला द्यायला नाही, असं ऐकवून त्यांनी ताईंना कामावरून काढलं. उमेदवाराने दुसराच जोडीदार घेतला आणि निवडणूक अगदी थोडक्यात हरला. नेमकं त्या गव्हर्नरांचंच राज्य हातचं गेलं.

माझं डोकं तापलं होतं. "ताई, तो एक क्वेश्चन स्किप केला असता तर?" मी तोंडावर विचारलं. त्या फायली आवरत राहिल्या. ते आठवलं की आजही माझी मला लाज वाटते.

गेल्या हिवाळ्यात त्यांना हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. दुखणं शेवटचं आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि त्या एकदम म्हणाल्या, "काय रे, आपण इलेक्शन माझ्यामुळं हरलो का?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण ताईंशी खोटं बोलायची मला सवय नव्हती.

"बहुतेक हो, ताई."

त्यांनी मान हलवली. "आणि ती पोरगी?"

मी मध्यंतरी गुपचूप चौकशी केली होती. "शिकवते अजून. छान आहे."

"मग असू दे," ताई म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

आठवड्याने त्या गेल्या. तुमच्या बाजूने हरलो याचा मला अभिमान वाटतो, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.